ऐंशी वर्षांचं जुनं सागवान असूनही टेबलाला चीर का पडली?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. संगमेश्वरकडचं आजोबांचं घर उतरवलं, त्यातल्या ऐंशी-एक वर्षं जुन्या सागवानी तुळया तिकडच्याच वखारीत चिरून घेतल्या आणि गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या सुताराकडून सहा बाय तीन फुटांचं जेवणाचं टेबल करून घेतलं. दिवाळीपर्यंत सगळं छान होतं. एप्रिलमध्ये टॉपला एका टोकाकडून हातभर चीर गेली आणि दोन फळ्यांमधला जोड उघडला. सुताराने पुट्टी भरून दिली, ती या पावसात फुगून बाहेर आली. सुतार म्हणतो लाकूडच खराब होतं. काका म्हणतात इतकं मुरलेलं लाकूड खराब असेलच कसं, सुताराने वाट लावली. टेबल मोडीत काढायचं का आणि उरलेल्या तुळयांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

दोघांचंही थोडं थोडं चुकतंय. तुमच्या लाकडाची जात आणि वय हा इथे मुद्दाच नाही. टॉप खालच्या सांगाड्याला कसा जोडलाय, यावर सगळं अवलंबून आहे. न बघता सांगतो, तरी पैज लावायला तयार आहे: टॉपखाली दोन किंवा तीन आडव्या पट्ट्या असतील आणि त्या गोंद लावून, वर स्क्रू मारून पक्क्या बसवलेल्या असतील.

आता कारण. काका म्हणतात त्यात एक गोष्ट खरी आहे. जुन्या तुळईत झाडातलं मूळचं पाणी शिल्लक राहिलेलं नसतं. ताज्या कापलेल्या लाकडात ते भरपूर असतं. वाळताना साधारण तीस टक्क्यांच्या खाली गेलं की लाकूड आकसायला लागतं. तो टप्पा तुमच्या तुळयांनी आजोबांच्या लहानपणीच ओलांडला असेल. पण पुढे लाकूड कायमचं स्थिर होतं, ही समजूत चुकीची आहे. लाकूड कितीही जुनं झालं तरी भोवतालच्या हवेशी पाण्याची देवाणघेवाण करतच राहतं. हवेची आर्द्रता ऐंशी टक्के असेल तर लाकडात सुमारे सोळा टक्के पाणी राहतं, पासष्टला बारा, आणि तीसवर आली तर सहाच्या आसपास. पाणी घेतलं की लाकूड फुगतं, सोडलं की आकसतं. शंभर वर्षांपूर्वीच्या वाड्यातला दरवाजा अजून श्रावणात अडकतो आणि शिमग्याला सैल होतो, तो याच कारणाने.

तुमच्या तुळया कोकणात होत्या, तिथेच पावसाळ्यात चिरल्या गेल्या. तिथलं लाकूड पंधरा-सोळा टक्क्यांवर असणार. त्याच ओलीत टेबल तयार झालं आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये आलं. पुण्यात मार्च-एप्रिलची दुपार किती कोरडी असते ते ओठांना कळतं, त्यात तुम्ही जेवणाच्या खोलीत एसी असल्याचं लिहिलंय. टॉप सात-आठ टक्क्यांपर्यंत वाळला असेल. म्हणजे सुतार ‘लाकूड खराब’ म्हणाला तिथे त्याने ‘लाकूड या हवेला वाळलेलं नव्हतं’ असं म्हटलं असतं तर मी त्याला निम्मे गुण दिले असते.

उरलेले निम्मे गुण जातात ते असे. लाकूड सगळ्या दिशांना सारखं हलत नाही. लांबीत, म्हणजे रेषांच्या दिशेने, ते जवळजवळ हलतच नाही. तुमच्या सहा फुटांत मिलिमीटरभरही फरक पडणार नाही. सगळा खेळ रुंदीत. सागवानाचा हिशेब असा की पाणी एक टक्क्याने बदललं तर फळीची रुंदी साधारण ०.१९ टक्के बदलते, जर फळी वाढीच्या वलयांना समांतर चिरलेली असेल तर. वलयं फळीच्या जाडीत उभी दिसतील अशी चिरली असेल तर ०.१ टक्का. तीन फूट म्हणजे ९०० मिलिमीटर धरा आणि सात टक्के पाणी गेलं असं धरा. पहिल्या प्रकारच्या फळ्या असतील तर टॉप सुमारे १२ मिलिमीटर आकसतो, दुसऱ्या प्रकारच्या असतील तर सहाच्या आसपास. आणि हे सागवान आहे, जे याबाबतीत बऱ्याच लाकडांपेक्षा गुणी.

आता त्या आडव्या पट्ट्या आठवा. त्यांच्या रेषा टेबलाच्या रुंदीच्या दिशेने धावतात. म्हणजे पट्टीची लांबी हलत नाही आणि वरचा टॉप त्याच दिशेने अर्धा इंच आकसू पाहतोय. दोन्ही टोकांना स्क्रू आणि मध्ये गोंद. टॉपला आत यायचंय, पट्टी येऊ देत नाही. मग जिथे सगळ्यात कमजोर जागा असेल तिथे फाटतं: एखादा जोड, नाहीतर फळीच्या टोकाची बारीक चीर जी वखारीतूनच आली होती.

पुट्टीने काय केलं तेही यातून कळेल. एप्रिलमध्ये चीर सगळ्यात रुंद होती, तेव्हा ती भरली. पावसाळ्यात टॉप फुगला, चीर मिटायला निघाली, मध्ये पुट्टी आडवी आली. मऊ होती म्हणून ती बाहेर पडली. कडक इपॉक्सी भरलं असतं तर कदाचित दुसरीकडे फाटलं असतं. उन्हाळ्यात चीर भरून देणारा माणूस दिसला की मी आधी त्याला नोव्हेंबरपर्यंत थांबायला सांगतो.

सुताराला मात्र फार शिव्या घालू नका. मी अनेक चांगल्या हातांच्या सुतारांबरोबर काम केलंय आणि हीच गोष्ट पुन्हा पुन्हा बघतो. गेली तीस-चाळीस वर्षं शहरातलं बहुतेक सुतारकाम प्लायचं आहे. प्लायचे थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे तो लांबी-रुंदीत जवळजवळ हलतच नाही. त्याला जितका गोंद, जितके स्क्रू, तितकी मजबुती. त्या कामात तयार झालेला हात भरीव लाकडालाही तसंच जखडून टाकतो, आणि मनापासून, तुमचं काम पक्कं व्हावं म्हणून. दोष हाताच्या सफाईत नसतो. प्लायची सवय लाकडाला लावली जाते, एवढंच.

आपल्याकडच्या जुन्या कारागिरांना हे पाठ होतं. घरात आजीच्या वेळचा पाट असेल तर उलटा करून बघा. चांगल्या पाटाच्या खालच्या दोन पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसतात. पाटात आडवी खोबण असते, तोंडाला अरुंद आणि तळाशी रुंद, आणि पट्टी एका बाजूने त्यात सरकवलेली असते. पाट वाकू नये म्हणून पट्टी त्याला धरून ठेवते, पण रुंदीत हलायला मोकळीक देते. पॅनेलच्या दरवाजातही तेच. चौकट साल-कुसवाने (एकीच्या खाचेत दुसरीची जीभ ठोकून) पक्की, पण मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती उभी. तिला गोंद नाही, खिळा नाही. एखाद्याने नंतर रंग काढताना ती फळी गोंदाने ‘पक्की’ केली की दोन वर्षांत मधोमध फाटते. असे दरवाजे दुरुस्तीला येतात तेव्हा आधी गोंद शोधावा लागतो.

तर तुमचं टेबल. मोडीत काढू नका. आधी चादर अंथरून ते उलटं करा आणि बघा. तीन शक्यता आहेत.

पट्ट्या फक्त स्क्रूवर असतील तर तुम्ही नशीबवान. स्क्रू काढा, पट्ट्या उतरवा आणि आठ-दहा दिवस टॉप सपाट जागेवर, खाली चार पट्ट्या ठेवून, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असा ठेवून द्या. चीर बरीचशी आपोआप मिटते, कारण तिला ओढून धरणारं कोणी राहत नाही.

गोंदही असेल (मला तेच वाटतंय), तर पट्ट्या सुट्या निघणार नाहीत. पांढरा गोंद उष्णतेने मऊ पडतो, पण इतक्या लांब जोडाला हीट गन लावत बसण्यापेक्षा मी सरळ पट्टी करवतीने तुकड्यांत कापतो, पटाशीने उडवतो आणि उरलेली कपची रंधून टाकतो. पट्ट्या शे-दोनशे रुपयांच्या लाकडाच्या, त्यांच्यासाठी टॉप धोक्यात घालायचा नाही.

तिसरी शक्यता, पट्ट्याच नाहीत आणि टॉप थेट पायांच्या चौकटीला गोंदाने चिकटवलाय. तेव्हा काम वाढतं. टॉप चौकटीपासून सोडवताना धक्का देऊ नका. जोडात पातळ करवतीचं पातं घालून हळूहळू कापत जायचं. हे घरी करण्यापेक्षा कारागिराकडून करून घ्या.

टॉप मोकळा झाल्यावर उघडलेला जोड आणि चीर या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून बघा. जोड उघडला असेल तर तो पूर्णच उघडून घ्यायचा. नुसता गोंद आत सोडून क्लॅम्प लावला तर टिकणार नाही, कारण वाळलेल्या जुन्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. दोन्ही कडा रंध्याने ताज्या लाकडापर्यंत आणायच्या. सागवानात तेल असतं, म्हणून गोंद लावायच्या आधी कडा थिनरने किंवा अ‍ॅसिटोनने पुसायच्या आणि लगेच, त्याच तासात जोडायच्या. नीट बसलेला असा कडेचा जोड आजूबाजूच्या लाकडापेक्षा मजबूत असतो, त्यात स्क्रू किंवा खिळे घालायची गरज नाही. टेबल तीन-चार मिलिमीटर अरुंद होईल, कळणारही नाही.

चीर लाकडातच असेल तर मी तिची लांबी बघतो. बोटभर असेल तर सोडून देतो; घरातल्या माणसांची नजर महिन्याभरात तिला सरावते. हातभर असेल आणि पट्ट्या काढूनही मिटत नसेल, तर चिरेच्या रेषेतून टॉप उभा कापून दोन भाग करायचे आणि वर सांगितल्यासारखे पुन्हा जोडायचे. ऐकायला भीतीदायक आहे, पण सगळ्यात स्वच्छ दुरुस्ती हीच. कापायचं नसेल तर त्याच सागवानाची पातळ कपची चिरेत बसवता येते, आणि चीर पुढे जाऊ नये म्हणून खालच्या बाजूने डमरूच्या आकाराची लाकडी चावी, टॉपच्या जाडीच्या तिसऱ्या भागाइतकी खोल. हल्ली ती चावी मुद्दाम वरून दिसेल अशी लावायची फॅशन आहे. मला ती जेवणाच्या टेबलावर आवडत नाही, पण हा आवडीचा प्रश्न.

हे सगळं कधी करायचं? पुण्यात नोव्हेंबर ते जानेवारी. तेव्हा लाकूड ना पूर्ण फुगलेलं असतं ना पूर्ण आकसलेलं.

परत जोडताना खरी काळजी घ्यायची. पट्टीचा मधला एक स्क्रू पक्का. बाकीच्या स्क्रूंची पट्टीतली भोकं गोल न ठेवता लांबट करायची, पट्टीच्या लांबीच्या दिशेने. मधल्या स्क्रूपाशी फार नको, कडेच्या भोकाला मात्र १२ ते १५ मिलिमीटर लांबी द्या. चपट्या डोक्याचा स्क्रू, खाली वायसर, आणि आवळताना शेवटचा अर्धा फेरा सोडून द्यायचा, म्हणजे सरकायला जागा राहते. हिवाळ्यात बसवत असाल तर स्क्रू भोकाच्या साधारण मध्यावर. ऐन उन्हाळ्यात बसवायची वेळ आलीच तर मध्याकडच्या टोकाला, कारण पुढे टॉप बाहेरच फुगणार आहे. पायांच्या चौकटीला टॉप धरायला मी लाकडी गुटके वापरतो: चौकटीच्या आतल्या बाजूला खाच मारायची, गुटक्याची जीभ त्या खाचेत आणि गुटक्याचा स्क्रू टॉपमध्ये. आखूड बाजूंना खाच आडवी लांब ठेवायची, म्हणजे जीभ तिच्यात सरकते. लांब बाजूंना जीभ खाचेत पूर्ण आत ठोकायची नाही, पाच-सहा मिलिमीटर जागा ठेवायची. बाजारात धातूच्या झेड क्लिप मिळतात, त्याही याच तत्त्वावर आहेत आणि चालतात.

पॉलिशबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण खालची बाजू कोरी असणार याची मला जवळपास खात्री आहे. वरून चार हात मेलामाइन किंवा पीयूचं पॉलिश आणि खालून काहीच नाही, असं असलं की दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने पाणी घेतात-सोडतात आणि टॉप ऋतूप्रमाणे वाकतो. जे वर, तेच खाली, तितकेच हात. पॉलिशने लाकडाचं हलणं थांबत नाही, फक्त सावकाश होतं. अचानक कोरडी हवा आली तर झटका बसत नाही, इतकाच फायदा. टॉपवर काच टाकायची असेल तर खाली रबराचे ठिपके ठेवा, नाहीतर वरची बाजू बंद आणि खालची उघडी अशी पुन्हा तीच तऱ्हा. जवसाच्या तेलाचं फिनिश करणार असाल तर तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती स्वतःहून पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवा किंवा बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

उरलेल्या तुळया. विकून नवीन लाकूड घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, ठेवा. म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. आज ‘इम्पोर्टेड सागवान’ म्हणून वखारीत मिळणारं बरंचसं लाकूड आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचं असतं. कमी वयात तोडलेल्या झाडात कडेचं पांढरं लाकूड जास्त निघतं, आणि सागवानाचं ते पांढरं लाकूड वाळवी-भुंग्यापुढे टिकत नाही. बल्लारशा-आलापल्लीकडचं चांगलं सागवान मिळतं, पण त्याचा घनफुटाचा भाव ऐकून तुम्हाला तुमच्या तुळया अधिकच आवडायला लागतील.

फक्त आधी एक खात्री करा. कोकणातल्या घरांत सगळ्या तुळया सागवानी असतातच असं नाही. ऐन, किंजळ, फणस, जे जवळ होतं ते वापरलेलं असतं, आणि धुराने काळवंडल्यावर सगळं सारखंच दिसतं. रंध्याचा एक हात मारून बघा. सागवानाला चामड्यासारखा वास येतो आणि ताज्या कपचीवर बोटाला तेलकटपणा लागतो. ऐन निघाला तर तो सागापेक्षा जड आणि हलायलाही जास्त. त्याचा रुंद टॉप करू नका, पाय आणि चौकटी करा.

चिरायच्या आधी सगळे खिळे शोधून काढा, वखारवाला पात्याचे पैसे मागेल आणि ते योग्यच आहे. तुळईच्या मधोमध झाडाचा गाभा, म्हणजे वलयांचा अगदी मधला बिंदू, दिसत असेल तर तो फळीत येऊ देऊ नका, तिथून चिरा फुटतातच. वलयं जाडीत उभी येतील अशा जास्तीत जास्त फळ्या काढायला सांगा. लाकूड थोडं वाया जातं, पण टॉपसाठी परवडतं. सव्वा इंच जाडी हवी असेल तर दीड इंच चिरा. मग त्या फळ्या पुण्यात आणा आणि टेबल जिथे राहणार त्याच घरात किंवा निदान त्याच हवेत रचून ठेवा. प्रत्येक थरामध्ये पाऊण इंची पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, एकाखाली एक सरळ रेषेत. फळ्यांच्या टोकांना जुना ऑइलपेंट फासा, पाणी टोकांतून सगळ्यात लवकर जातं आणि तिथेच तडकतं.

किती दिवस? ‘इंचाला एक वर्ष’ हा ठोकताळा ताज्या लाकडाचा आहे, तुम्हाला तो लागू नाही. एक उन्हाळा पूर्ण काढला तर बहुतेक भागेल, पण फळीची जाडी, ढीग कुठे आहे, एसी किती चालतो, यावर ते ठरतं. म्हणून अंदाजावर न जाता दोन सुयांचा मॉइश्चर मीटर घ्या, साधा मीटर दोन-तीन हजारांत येतो. फळीच्या टोकावर टोचू नका. एखादी फळी मधून कापून ताज्या तोंडावर बघा. पुण्यातल्या एसी असलेल्या घरासाठी मला आठ ते दहा टक्के हवेत. हेच टेबल रत्नागिरीत राहणार असतं तर मी बारा-तेरालाच कामाला सुरुवात केली असती, कारण तिथे जास्त वाळवलेलं लाकूड पावसाळ्यात फुगून उलटा त्रास देतं.

त्याच सुताराकडून दुरुस्ती करून घ्यायची का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. त्याच्या जोडांची सफाई तुम्हाला आवडली असेल तर हो. त्याच्यासमोर टेबल उलटं करा आणि लांबट भोकांची पट्टी स्वतः खडूने आखून दाखवा. तो ‘असं ढिलं ठेवलं तर हलेल ना’ म्हणेल. हलायलाच हवंय, असं सांगा, आणि पट्ट्यांना तो गोंद लावत नाही ना, हे बघायला मात्र जवळ उभे राहा.